नंतर आठवण करा

सकाळी चहा ओतेपर्यंत निळी चौकट हजर.
"तुमचा संगणक नव्या प्रणालीसाठी तयार आहे."
तो असेल.
खाली दोन बटणं: 'आत्ता', आणि 'नंतर आठवण करा'.
'नको' म्हणायला जागाच ठेवलेली नाही.
स्थळ सुचवणाऱ्या मावशीची चिकाटी.

ऑक्टोबरनंतर जुन्याला कोणी वाली नाही, कॅलम म्हणतो,
दारं उघडी राहतील, चोर शिरतील.
कॅलम शेजारच्या इसोबेलचा नातू, गेम बनवतो.
माझ्या लॅपटॉपकडे तो
पशुवैद्य म्हाताऱ्या कुत्र्याकडे बघतो तसा बघतो.
इसोबेलनं तरुणपणी इथल्याच कारखान्यात
हजारो कॉम्प्युटर हातांनी जोडले.
घरी अजून एकही आणलेला नाही.
"मला आतलं माहीत आहे," म्हणते.

माझी अडचणही आतलीच आहे,
'टेकाठ' नावाच्या फोल्डरात.
डंडीतल्या मराठी माणसांचं त्रैमासिक,
वर्गणीदार एकसष्ट, त्यातले नऊ फुकटे,
अंक बहात्तर,
सगळे मोरेश्वर चांदोरकरनं स्वतः काढलेल्या फॉन्टात.
दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडले
की माझ्या सासूबाईंवरचा लेख
कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हांची मिसळ होतो.
(त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, बरोबरच आहे.)

"नव्यावर चालेल का रे?"
"बहुधा," म्हणाला कॅलम.
बहुधा!
नाइनवेल्सच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी हा शब्द कोणाला रिपोर्टात लिहू दिला नाही.

मोरेश्वरनं त्या फॉन्टात
ऱ सर्वांत शेवटी काढला,
तीन रात्री जागून.
पापणीच्या केसाएवढी रेघ.
पण ती नसली तर दऱ्यांचा दर्या होतो,
अख्खं हायलँड्स पाण्याखाली,
असं तो म्हणायचा.
आणि मी, संपादक,
एकदा त्याच्या लेखातला 'ऱ्हस्व'
न विचारता 'ह्रस्व' केला.
दोन्ही चालतात.
हे त्याला सांगितलं, तिथेच बिघडलं.
"मग मी ते अक्षर काढलं कशाला?"
त्र्याहत्तरावा अंक निघालाच नाही.
तो इन्व्हरनेसला गेला, मुलीकडे.
तिथे दऱ्या पुष्कळ आहेत.

अकरा वर्षं झाली.
दर दिवाळीला नंबर काढते,
चकल्या गार होतात,
उद्या करू, म्हणते.

आज प्रिंटर लावला.
सगळं कागदावर घ्यावं, मग होऊ दे काय व्हायचं ते.
चौथ्या अंकातच शाई संपत आली,
अक्षरं फिकट, मग फक्त डोक्यावरच्या रेघा,
मग कोरं पान, तेही मोठ्या आवाज करत.
खिडकीबाहेर टे नदीवर समुद्राचं धुकं,
पूल निम्म्यातच संपलेला.
पलीकडे फाइफ आहे हे
आपण सवयीनं धरून चालतो.

दुसऱ्याच रिंगला उचलला.
नाव सांगायची तयारी केली होती, दोन वाक्यंही.
तोंडातून निघालं, "नवी प्रणाली टाकू का?"
तिकडे केटल उकळत होती. टक्कन बंद झाली.
"आधी सगळं कॉपी करून ठेव," तो म्हणाला.
"दोन ठिकाणी."
मग बराच वेळ काही नाही.
मी ठेवणार, तेवढ्यात,
"आणि टाकल्यावर
अठ्ठाविसावा अंक उघड. पान सहा.
दऱ्या दिसतात का सांग."

चौकट पडद्यावर तशीच आहे.
ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह एकच सापडला.
दुसरा मागायला
घरातल्या चपला घालूनच निघाले आहे कॅलमकडे.